सामान्य माणसाला विज्ञान किती यायला हवं?

काटेसावर
आमच्या नात्यातल्या एका मुलीला दहावीला विज्ञानात ९२ गुण मिळाले. तिनेच ग्रहणाच्या दिवशी गरोदर वहिनीच्या हातातली विळी काढून घेतली. ग्रहणाची आकृती तिला डोळे मिटून काढता येते! म्हणून माझं मत असं, की धडे पाठ असणं म्हणजे विज्ञान-साक्षरता नव्हे. "कशावरून?" हे विचारायची सवय म्हणजे साक्षरता.

जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात केलेली चाचणी आठवा. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. कुठली कुणाची ते झाकून २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० दिल्या, आणि मूल हुशार की मतिमंद ते ओळखायला सांगितलं. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी ५०च्या आसपास आली असती. पत्रिका कुणाच्या ते का झाकलं, आणि एकाच्या जागी इतक्या पत्रिका का घेतल्या, हे ज्याला समजलं तो माझ्या लेखी साक्षर. मग त्याला न्यूटनचे नियम येवोत न येवोत.

कपाशीवाला
पटलं नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातला. २०१७ साली कपाशीवर कीटकनाशकाची फवारणी करताना आमच्या जिल्ह्यात २०हून अधिक माणसं विषबाधेने गेली, शेकडो दवाखान्यात होती. त्यांना नुसती माहिती हवी होती, साधी, धड्यातल्यासारखी. विष कातडीतूनही अंगात जातं, ही. तोंडाला रुमाल बांधला की झालं, असंच सगळे समजतात. पाठीवरचा पंप गळतो, सदरा भिजतो आणि तोच सदरा संध्याकाळपर्यंत अंगावर असतो.

आम्ही त्याला म्हणतो काय, तर 'औषध'. औषधाला कोण भिणार? डब्यावरच्या चौकटीतला खालचा त्रिकोण लाल असेल तर सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजेही निर्धोक नव्हे, कमी विषारी एवढंच. किती मजुरांना हे माहीत आहे? आधी हे सांगा, "कशावरून" मागाहून.

रेवती_ठाणे
तुम्ही दोघंही ओझं मजुराच्याच डोक्यावर देताय. डब्यासोबतच्या माहितीपत्रकावरचं अक्षर मुंगीएवढं, मला चष्मा लावूनही वाचता येत नाही. हातमोजे कोण देतं? भर उन्हात ते सगळं अंगावर चढवून फवारणं जमतं का? ज्याने विकलं आणि ज्याने विकू दिलं, त्यांची साक्षरता आधी तपासा. माणूस मेल्यावर "अडाणी होता" म्हणणं मला सहन होत नाही.

काटेसावर
अडाणी मी कुणालाच म्हटलेलं नाही, पण तुमचा राग रास्त आहे. कपाशीवाले, एक सांगा. दुकानदार म्हणतो, ही दोन औषधं एकत्र करून मारा. तिथे "कशावरून?" विचारायला नको का?

कपाशीवाला
विचारायला हवं. पण बियाणं त्याच्याकडून, खत त्याच्याकडून, तेही उधारीवर. चुकारा कापूस विकल्यावर. त्याला उलट प्रश्न करायचा म्हणजे पुढच्या हंगामाची उधारी गमवायची. रेवतीताई म्हणतात ते एवढ्यापुरतं खरं आहे.

पण अक्षर बारीक आहे म्हणून मी थांबू शकत नाही. या हंगामात फवारणीच्या आदल्या दिवशी माहितीपत्रक मजुरांना मोठ्याने वाचून दाखवलं. वारा पाठीमागून घ्या, जेवणाआधी साबणाने हात धुवा, कपडे बदला. सगळे ऐकून गप्प. मग निंदणीला येणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "भाऊ, ते कपडे आम्हीच धुतो. आमच्या हाताला लागत नाही का ते?"

मला उत्तर देता आलं नाही. इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कृषी सहायकांना फोन केला. ते म्हणाले, लागतं, ते कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवायचे, हातमोजे घालून. आता धुण्यासाठीही हातमोजे आणलेत.