अनुभव धागा : कामाच्या ठिकाणी नवं कसं सुचतं?

"चला, काहीतरी नवीन सुचवा" असं मीटिंगमध्ये कुणी म्हटलं, की सगळे आपापल्या वहीत बघायला लागतात. मी टीम सांभाळते, त्यामुळे ती शांतता दोन्ही बाजूंनी अनुभवली आहे. कल्पकता सवयीने येते आणि आजूबाजूचे तिला येऊ देतात का यावर बरंच ठरतं, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या कामात काय सुचलं, कुठे अडलं, कशाने पुढे गेलं ते लिहा. अगदी छोटं असलं तरी चालेल.

सुरुवात मीच करते. आमच्या विचारमंथनात दोघे-तिघेच बोलायचे. मग ६-३-५ पद्धत करून पाहिली. बेर्न्ड रोरबाख यांनी ती १९६८ मध्ये मांडली. सहा जणांनी पाच मिनिटांत प्रत्येकी तीन कल्पना लिहायच्या आणि कागद शेजाऱ्याकडे द्यायचा. सहा फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्या तासात, १०८ कल्पना होऊ शकतात. आमच्या तेवढ्या झाल्या नाहीत, बऱ्याच ओळी रिकाम्याच राहिल्या. पण टेस्टिंगमधला एक मुलगा, जो वर्षभर "हो, चालेल" यापलीकडे बोलला नव्हता, त्याने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'तक्रारीचा फॉर्म ग्राहकाला का भरायला लावतो? फोन घेणाऱ्याने भरावा.' पुढचीने त्याखाली कोणते रकाने आधीच भरून ठेवता येतील ते लिहिलं. तिसऱ्याने दोन रकाने खोडूनच टाकले. आज आम्ही तोच फॉर्म वापरतो.

*

मी गोदामात पॅकिंगला आहे. आमच्याकडे कुलूपबंद सूचनापेटी होती. दोनदा चिठ्ठी टाकली, उत्तर आलं नाही, मग नाद सोडला. नव्या सुपरवायझरनी पेटी काढून फळा लावला. त्यावर सूचना, सुचवणाऱ्याचं नाव आणि समोर 'करतोय' किंवा 'नाही, कारण अमुक'. टेपचे रोल टेबलाच्या वर टांगावेत ही माझी सूचना नाकारली गेली. कारण लिहिलं होतं, 'उंच खोकं आलं की अडेल.' खरंच होतं ते. मग मी रोल टेबलाच्या डाव्या कडेला, कमरेच्या उंचीवर बसवून दाखवला. आता सगळ्या टेबलांना तसाच आहे.

*

टोयोटात कामगारांच्या सूचनांची पद्धत १९५१ पासून आहे. पेटीपेक्षा उत्तर महत्त्वाचं, हे वरच्या अनुभवातून नेमकं कळतं.

*

माझा अनुभव उलटा आहे. प्रयोगशाळेत नळ्यांना तपासणीप्रमाणे रंगीत पट्ट्या लावू या म्हटलं, तर वरिष्ठ सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला कामापेक्षा सजावटच सुचते." त्यानंतर दोन वर्षं मी तोंड उघडलं नाही. नंतर नंतर तर काही सुचेनासंच झालं, त्याचं जास्त वाईट वाटतं. नोकरी बदलली. तिथल्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "आमचं काय चुकतंय? आम्हाला सवय झालीय, तुला दिसत असेल."

*

मी हिशेब बघतो. एक वैतागवही ठेवली आहे. ज्या कामाने चिडचिड झाली ते त्याच दिवशी लिहायचं, उपाय सुचला नाही तरी. एकच वैताग तीनदा आला की त्यावर बसतो. बिलांचे नंबर दोन ठिकाणी टाइप करणं असंच बंद झालं.

*

अर्धवट कल्पना टाकू नका, एवढंच सांगेन. थ्रीएम कंपनीतल्या स्पेन्सर सिल्व्हर यांनी १९६८ मध्ये सहज निघणारा गोंद बनवला, पण त्याचं करायचं काय हे ठरेना. १९७४ मध्ये सहकारी आर्ट फ्राय यांना गाण्यांच्या पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या पडू नयेत म्हणून तो आठवला, आणि त्यातूनच चिकटवून पुन्हा काढता येणाऱ्या पोस्ट-इट चिठ्ठ्या आल्या. आपल्या प्रश्नाचं उत्तर शेजारच्या टेबलावर पडलेलं असू शकतं, म्हणून मी दुसऱ्या विभागातल्यांबरोबर मुद्दाम जेवायला बसते.

*

धागाकर्ती : प्रयोगशाळेतल्या ताई, तुमच्या मॅडमचा प्रश्न मी आज आमच्याकडच्या नव्या मुलीला विचारला. थोडं थांबून ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही तुमचं मत सगळ्यांच्या आधी सांगता." उद्याच्या मीटिंगमध्ये मी शेवटी बोलणार आहे.