शेवंतीला कळी नाही? आधी अंधार बघा

रत्नागिरीत घरात जांभळ्या एलईडीखाली शेवंतीचा पाला माजलाय पण कळी नाही, तर लाल उजेड वाढवू का, असं एकानं विचारलंय. वाढवू नका. शेवंतीला रोज सलग 13-14 तास काळोख लागतो, आणि तो मोडण्यात 660 नॅनोमीटरच्या (उजेडाच्या तरंगलांबीचं माप) आसपासचा लाल उजेडच सगळ्यात पुढे. रात्री खोलीतला दिवा मध्येच लागत राहिला तरी झाडाला रात्र लहानच वाटते. टायमर 10 तासांवर ठेवा, संध्याकाळी जाड काळं कापड टाका, सकाळी आठवणीनं काढा. 3-4 आठवड्यांत शेंड्यावर हिरव्या बटणासारखी कळी दिसू लागते.

रंगाचं म्हणाल तर 3000 ते 4000 केल्विनचा (उजेडाच्या छटेचं माप) पांढरा एलईडी घ्या. त्यात लाल भरपूर असतो आणि निळाही पुरेसा. निळा कमी पडला की खोड लांबट, लुळं होतं. शिवाय जांभळ्या उजेडात पान काळपट दिसतं, त्यामुळे पिवळेपणा किंवा लाल कोळी या किडीचे बारीक ठिपके कळतच नाहीत. दिवा शेंड्यापासून साधारण 30 सेंटिमीटर वर हवा.

खाऱ्या हवेत दिव्याचे जोड गंजतात, म्हणून आयपी65चा, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारा दिवा बरा. पावसाळ्यात छोटा पंखा हवाच, नाहीतर कळ्यांवर करडी बुरशी येते.