नागपूरच्या उन्हाळ्यात जुन्या कॅसेट आणि तबकड्या: आधी काय वाचवायचं?

मध्यलय

घरी साधारण १८० शास्त्रीय संगीताच्या कॅसेट आहेत. निम्म्याहून जास्त घरगुती मैफलींच्या आणि आकाशवाणीवरून उतरवलेल्या, बाकी बाजारातल्या. शिवाय ६०-७० एलपी आणि चाळीसेक ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या) तबकड्या. सगळं लक्ष्मीनगरला वरच्या मजल्यावर, स्लॅबखालच्या माळ्यावर ठेवलेलं आहे. डेक चालू आहे, पण आवाज दबका येतो. टर्नटेबल अजून घ्यायचं आहे. तबकड्या सगळ्यांत जुन्या, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करावी असा विचार आहे. बरोबर आहे का? आणि दुकानात देऊन एमपी३ करून घेतलेलं चालेल का?

फीतवाला

क्रम उलटा करा. ७८ची तबकडी फुटली नाही तर टिकते, आणि त्याच छापाच्या इतर प्रती कुणाकुणाकडे असतातच. मैफलीची कॅसेट एकुलती एक. म्हणून आधी मैफली, मग आकाशवाणी, मग एलपी-तबकड्या, आणि बाजारातल्या कॅसेट सगळ्यांत शेवटी. त्यातल्या बऱ्याच सीडीवर येऊन गेल्या आहेत.

दुकानात देऊ नका. तिथे हेड (फितीवरचा आवाज टिपणारा डेकचा भाग) पुसलेलं नसतं आणि आवाज ‘साफ’ करून देण्याची हौस असते.

आवाज दबका येण्याची कारणं बहुधा तीन. पहिलं, हेड घाण झालेलं. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी घेऊन हेड आणि फीत ओढणारी कॅपस्टनची दांडी पुसा, काडी स्वच्छ निघेपर्यंत. रबरी रोलरला मात्र साबणाचं पाणी, अल्कोहोलनं रबर कडक होतं.

दुसरं, कॅसेटमधलं फेल्ट. फितीला हेडवर दाबून धरणारा तो छोटा तुकडा पितळी पट्टीवर चिकटवलेला असतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गोंद सुकतो आणि तुकडा पडतो. मग वरचे स्वर अधूनमधून गायब होतात. स्क्रूवाली एखादी टाकाऊ कॅसेट घ्या आणि फीत तिच्या खोक्यात हलवा. पाती, लहान चाकं, सगळं तिचंच वापरा. स्क्रू नसलेली जुनी कॅसेट ब्लेडनं कडेच्या सांध्यावर हळूहळू उघडते. फीत तुटलेली असेल तर जोडायची खास चिकटपट्टी मिळते ती लावा. सेलोटेपचा गोंद पाझरतो आणि शेजारचे वेढे चिकटतात.

तिसरं कारण बहुतेकांना माहीतच नसतं, ते म्हणजे हेडचा कोन. ज्या यंत्रावर मैफल भरली त्याच्या हेडचा कोन आणि तुमच्या डेकचा कोन जुळत नसतो. हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला छोटा स्क्रू असतो. दोन्ही चॅनल एकत्र करून मोनोत ऐका आणि स्क्रू अगदी पाव-पाव फेरा फिरवा. तबल्याच्या चाटीवरचा ‘ना’ आणि तंबोऱ्याची जवारी जिथे सगळ्यांत धारदार ऐकू येईल तिथे थांबा. मोनोत केल्यानं चूक लगेच कानाला कळते. प्रत्येक मैफलीला हे नव्यानं करावं लागतं. मूळ जागेची खूण आधी करून ठेवा, बाजारातल्या कॅसेटसाठी लागेल.

वाजवण्याआधी कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेल्या फितीत एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. नुसता तंबोरा चालू असताना पुढच्या आलापाची पुसट सावली आधीच ऐकू येते ती यामुळे. गुंडाळल्यानं ती थोडी कमी होते, पूर्ण जात नाही.

डेकच्या ‘लाइन आउट’मधून दोन लाइन इनपुट असलेल्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये वायर जोडा. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नका. डॉल्बी (फितीची सळसळ कमी करणारी सोय) बंद ठेवा, कॅसेटवर लिहिलेलं असेल तरच चालू करा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ पुरेसं आहे. पातळी द्रुत किंवा झाल्याच्या, म्हणजे शेवटच्या जलद, तुकड्यावर तपासा, सर्वांत मोठा ठोका उणे ६ डेसिबलच्या खाली राहिला पाहिजे. आलापावर पातळी लावली तर तबला आला की फाटतं. या मापात तासाला साधारण १ जीबी लागते, फ्लॅकमध्ये (आवाज न गमावता फाइल लहान करणारा प्रकार) त्याच्या निम्म्याच्या आसपास. तुमचा अख्खा संग्रह १ टीबीच्या डिस्कवर आरामात बसेल.

इतवारीकर

मध्यलय भाऊ, माळ्यावर काहून ठेवून राहिले? मे महिन्यात स्लॅबखाली हात ठेववत नाही. आजच खाली काढा. तळमजल्यावर, आतल्या भिंतीच्या कपाटात, पश्चिमेची भिंत टाळून. तबकड्या उभ्या, घट्ट नाही आणि तिरप्याही नाही. एकीवर एक आडव्या रचल्या की खालची ७८ची जाते.

कूलरच्या खोलीत अजिबात नको. आपल्या कूलरची हवा ओली असते, कागदी पाकिटांना पंधरा दिवसांत बुरशीचा वास येतो.

एलपीवर चढवलेली ती जाड मऊ प्लास्टिकची कव्हरं काढून टाका. गरमीत त्यातलं रसायन सुटून तबकडीवर धुरकट डाग येतो आणि तो धुऊन जात नाही. आत साधी पातळ पॉलिथिनची पिशवी चालते. आणि कपाटात डांबराच्या गोळ्या टाकल्या असतील तर आधी त्या फेका. त्यांच्या वाफेनं कॅसेटची खोकी मऊ पडतात.

काळी एक

फीतवाला यांच्या क्रमाशी सहमत. पण वेगाचा मुद्दा राहिला, आणि शास्त्रीय संगीतात तो सगळ्यांत मोठा. बॅटरीवरच्या टेपरेकॉर्डरनं भरलेल्या मैफलीत बॅटरी उतरत गेली की फीत हळू फिरते. आज ती नेहमीच्या वेगानं वाजवली की उलट परिणाम होतो: सा हळूहळू चढत जातो. ३ टक्के फरक म्हणजे जवळजवळ अर्धा अर्धस्वर. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गाणाऱ्याचा सा मग काळी एक आणि पांढरी दोनच्या मधोमध लोंबकळतो.

मोजायची सोपी युक्ती म्हणजे विजेची गुणगुण. मैफल ध्वनिवर्धकावर असेल तर मागे ५० हर्ट्झची गुणगुण बहुतेक असते. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेला किती आवाज आहे त्याचा आलेख) काढा. गुणगुण ५१.५ वर दिसली तर फीत सुमारे ३ टक्के जलद आहे. मात्र त्या काळी विजेच्या ग्रिडची वारंवारता बरेचदा ५०च्या खाली असायची, म्हणून पेटीच्या स्वराशी ताडून बघा. वेग बदलताना फक्त ‘पिच’ नाही, ‘स्पीड’ बदला. लय आणि स्वर दोन्ही एकत्र सरकायला हवेत. मैफलीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशा तीन जागी मोजा.

आवाज साफ करण्याबद्दल: नॉइज रिडक्शनला नमुना लागतो, आणि लोक तो गवई थांबलेला असतानाचा घेतात. तिथे तंबोरा चालू असतो. सॉफ्टवेअर त्या अखंड आवाजालाच कचरा समजतं आणि तंबोरा खाऊन टाकतं. उरतो पाण्याखालून आल्यासारखा आवाज. नमुना घ्यायचाच तर तंबोरा सुरू होण्याआधीच्या कोऱ्या फितीचा घ्या, आणि मूळ फाइलला हात न लावता प्रतीवर करा. मी तर हिस, म्हणजे फितीची सळसळ, राहू देतो, कान पाच मिनिटांत विसरतो.

मध्यलय

धन्यवाद सगळ्यांना. माळा रिकामा केला. तीन-चार कॅसेटमध्ये फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसते आहे. ही बुरशी का? आणि टर्नटेबलवर ७८ चा वेग नसेल तर ४५ वर वाजवून संगणकात बदलता येतं, हे खरं आहे का?

फीतवाला

पांढरी, धाग्यासारखी किंवा भुकटी असेल तर बहुधा बुरशीच. चांगल्या डेकमध्ये घालू नका, ती हेडवरून पुढच्या कॅसेटला लागते. त्या कॅसेट वेगळ्या, झाकणबंद डब्यात सिलिका जेलसोबत आठवडाभर वाळवा. मग तोंडाला मास्क लावून, गॅलरीत, एखाद्या भंगार डेकवर फीत सावकाश गुंडाळा आणि बाहेर येणाऱ्या भागाला मऊ कोरडं कापड हलकेच टेकवून धरा. दर थोड्या वेळानं कापडाची जागा बदला.

सुईबदल

४५ वर वाजवून ऑडॅसिटीत ७८ला नेता येतं, गुणक १.७३३. पण तुमचा फोनो प्रीॲम्प (सुईचा क्षीण आवाज वाढवणारं यंत्र) आरआयएएचा बदल, म्हणजे तबकडी भरताना मुद्दाम बदललेला खर्ज-तारांचा तोल परत बसवण्याचं ठरलेलं माप, ४५ च्या हिशोबानं करतो, त्यामुळे वेग वाढवल्यावर सगळा टोन सरकतो. शिवाय जुन्या ७८ आरआयएएच्या आधीच्या, १९५४ पूर्वीच्या असतात, त्यांचा हिशोबच वेगळा. ७८ असलेलं टर्नटेबल घ्या.

त्याहून महत्त्वाची सुई. एलपीची सुई साधारण ०.७ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ७८ची ३ मिल. एलपीची सुई ७८च्या खाचेच्या तळाशी लोळते, नुसती खरखर देते आणि लवकर जाते. सुटकेससारख्या स्वस्त टर्नटेबलांवर एलपी ठेवू नका, त्यांच्या सुईचं वजन तबकडी झिजवतं.

धुताना एक गोष्ट कधीच नाही: ७८ला अल्कोहोल. लाखेची तबकडी त्यात विरघळते. डिस्टिल्ड पाणी, वास नसलेल्या भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेनं, लेबल कोरडं ठेवून. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं पुन्हा पुसा. नळाचं पाणी वाळलं की क्षार खाचेत बसतात.

७८ मोनोच. दोन्ही चॅनल बेरीज करून घ्या, सुईच्या वरखाली हालचालीचा आवाज त्यातच गळून जातो. एचएमव्हीच्या एलपीतही ईएएलपी क्रमांक मोनो (अमीर खाँसाहेबांची मारवा-दरबारी ईएएलपी १२५३ आहे), ईएएसडी स्टिरिओ. वेगाचं इथेही तेच. खूप जुन्या ७८ नेमक्या ७८ वर भरलेल्या असतीलच असं नाही, आणि ८० वर भरलेली ७८ वर वाजवली तर सा ४४ सेंटनं (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) उतरतो.

आणि जुन्या ७८वर गाण्याच्या शेवटी गायिका स्वतःचं नाव सांगते तो तुकडा कापू नका. भारतातल्या ध्वनिमुद्रणाच्या १९०२ च्या पहिल्या फेरीत तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापायला जायच्या, तिथल्या कामगारांना गाणं कुणाचं हे कळावं म्हणून ते नाव भरलेलं असायचं.

काळी एक

फाइलींच्या नावात तारीख, ठिकाण, गायक, साथीदार, राग, ताल, कॅसेटची बाजू, आणि कॅसेट मूळ की कॉपी, एवढं टाका. रागाबद्दल खात्री नसेल तर ‘अनिश्चित’ लिहा. चुकीचा राग एकदा लिहिला की तो पुढे पसरतो. आवरणाचे दोन्ही बाजूंचे फोटो त्याच फोल्डरमध्ये. प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या घरी, सीडीवर नको. फ्लॅक फाइलमध्ये स्वतःचीच तपासणीची खूण असते, वर्षातून एकदा flac या आज्ञेला `-t` जोडून चालवून बघा म्हणजे डिस्क सडली का ते कळेल.