लोअरिंग स्प्रिंग्ज: ‘शॉकअप कंपनीचेच राहू द्या’ म्हणणाऱ्यांना उत्तर

घाटकरी
लोअरिंग स्प्रिंग्ज म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या आखूड, कडक स्प्रिंग्ज. काल एकाने त्यांच्याबद्दल ठामपणे लिहिलं: ‘स्विफ्टला ४० मिमी लोअरिंग स्प्रिंग्ज टाका, शॉकअप कंपनीचेच राहू द्या, अलाइनमेंट वाटलं तर करा. गाडी रुळावरून धावल्यासारखी धावते.’ खाली पोरं गॅरेजचा पत्ता मागतायत. ते वाचून राहवलं नाही, म्हणून लांबलचक लिहितोय.

कागदावर स्विफ्टचा क्लिअरन्स, म्हणजे पोट आणि जमिनीतलं अंतर, १६३ मिमी. ४० गेले, उरले १२३. सगळे याच आकड्यावर भांडतात आणि खरा आकडा राहून जातो. तो शॉकअपच्या दांड्यावर असतो. गाडी उभी असताना दांडा आत जायला जेवढी जागा असते, त्यातले जवळपास ४० मिमी तुम्ही चाक न फिरवताच खर्च केलेत. उरलेल्या जागेत बम्प स्टॉप, म्हणजे दांड्याला शेवटी अडवणारं रबर, बसलाय. म्हणजे खड्ड्यात स्प्रिंगच्या आधी रबर काम करायला लागतं, आणि रबर दाबलं की झपाट्याने कडक होत जातं. कात्रजच्या वळणावर मध्येच उंचवटा आला की बाहेरचं पुढचं चाक त्या रबरावर आपटतं, पुढची पकड एकदम कमी होते आणि स्टिअरिंग वळवलेलं असूनही गाडी बाहेर जाते.

दुसरं. स्प्रिंग ३० टक्के कडक झाली आणि शॉकअप तोच राहिला, तर त्याचं डॅम्पिंग, म्हणजे उसळी आवरणं, स्प्रिंगच्या मानाने सुमारे १२ टक्के कमी पडतं. शॉकअप ६० हजार किमी चाललेला असेल तर आधीच दमलेला असतो. मग एका उंचवट्यावर गाडी दोनदा उडते. पोरं त्यालाच ‘स्पोर्टी’ म्हणतात.

नटबोल्ट
घाटकरी, शॉकअपचं पटलं. पण तुम्ही सरसकट सगळ्या लोअरिंगला बदनाम करताय, ते मान्य नाही.

चांगल्या कंपनीची २५-३० मिमीची स्प्रिंग आणि ग्राइंडरने कापलेली स्प्रिंग एका पंक्तीत बसत नाहीत. कापलेल्या स्प्रिंगचं टोक तिच्या सीटमध्ये, म्हणजे बैठकीत, बसत नाही. सहा चालत्या वेढ्यांतला एक कापला की ती फक्त २० टक्के कडक होते, उंची मात्र त्याहून बरीच जाते, म्हणून ती सारखी तळाला लागते. गॅसने तापवून बसवली तर पोलादाचं पाणीच उतरतं. तयार स्प्रिंगमध्ये हा हिशोब आधीच केलेला असतो. बिल्स्टाइनचे बी८ शॉकअप खास कमी उंचीच्या स्प्रिंगसाठी आखूड बनवतात, ते काय उगाच?

आणखी एक. युरोपातली हॅचबॅक इकडे आणताना कंपन्या सस्पेन्शन उंच करतात. तिला २० मिमी खाली घेतलं की लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा आडवा दांडा) मूळ डिझाइनच्या कोनाजवळ परत येतो. ती गाडी बिघडत नाही, सुधारते.

घाटकरी
युरोपियन गाडीचं मान्य, तेही २० मिमीपर्यंतच. काल विषय स्विफ्टचा होता आणि ४० चा होता. मॅकफर्सन स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेल्या गाडीत लोअर आर्म आडव्याच्या पुढे जाऊन चाकाकडे वर चढला, की रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी वळणात झुकते तो, गुरुत्वमध्य जेवढा खाली येतो त्याहून जास्त खाली जातं. दोघांतलं अंतर वाढलं की गाडी झुकायला जास्त बघते. कडक स्प्रिंग ते झुकणं दाबून ठेवते, म्हणून कळत नाही. गुरुत्वमध्य ५५० मिमीवर धरला आणि ३० ने खाली आणला, तर वजन बाहेरच्या चाकांवर सरकणं जेमतेम साडेपाच टक्क्यांनी घटतं. त्यापेक्षा चांगले टायर, नवे शॉकअप आणि झुकणं आवरणारा जाड अँटीरोल बार घ्या. घाटात जास्त फरक पडेल.

डिकीभर_सामान
तुम्ही दोघं रिकाम्या गाडीवर बोलताय. गणपतीला कोकणात जाताना चार माणसं आणि भरलेली डिकी असते. मागच्या एक्सलवर २०० किलो वाढले आणि मागची प्रत्येक स्प्रिंग २५ न्यूटन प्रति मिमीची असली, तर गाडी मागून आणखी ४० मिमी बसते. आधी ४० खाली घेतलेली, हे वरचे ४०. मागच्या चाकांना राहिलं काय? शिवाय मागून बसली की हेडलाइट वर उठतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. हेडलाइटचा लेव्हलर असेल तर झोत खाली घ्यायचं तरी लक्षात ठेवा.

चेंबर_बचाव
आणि चेंबर, म्हणजे इंजिनखालचं तेलाचं भांडं? क्लिअरन्सला दुय्यम म्हणणाऱ्यांनी गावातले स्पीडब्रेकर बघावेत. खाली लोखंडी गार्ड लावला तर तोच आणखी १०-१५ मिमी खातो. ॲल्युमिनियमचा चेंबर घासत नाही, फुटतो. तेल गेलं की इंजिन गेलं.

नटबोल्ट
स्पीडब्रेकरवरून गाडीला शिव्या देणं बंद करा, चूक स्पीडब्रेकरची आहे. इंडियन रोड्स काँग्रेसचा नियम क्रमांक ९९ काय सांगतो? गोल उंचवटा ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच, वक्राची त्रिज्या १७ मीटर, ताशी २५ किमीने पार होण्यासाठी. स्विफ्टचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, २४५० मिमी. चारही चाकं त्यावर असताना मधला उंचवटा गाडीच्या पोटाकडे फक्त ४४ मिमी येतो. गणित कुणीही करून बघा: व्हीलबेसचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. १२३ काय, १०० मिमीवाली गाडीसुद्धा सावकाश नेली तर घासणार नाही.

चेंबर_बचाव
नियम कागदावर आहे, चेंबर रस्त्यावर घासतो! रात्रीत डांबर ओतून दोन फूट रुंद आणि सात-आठ इंच उंच ढीग केलेला असतो. पट्टे नाहीत, फलक नाही. पुढची चाकं उतरली की पूर्ण ढीग पोटाखाली. तिथे तुमची त्रिज्या काय कामाची?

सांगलीकर
सहमत. आधी दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे आणि फलक लावा, मग वाहनचालकांना शिकवा. दुचाकीवर मागे बसलेल्या बाईचा जीव जातो या ढिगांपायी. लोअरिंगची चर्चा नंतर करू. वॉर्ड ऑफिसला फोटो, जागेची खूण आणि फुटपट्टीने मोजलेली उंची-रुंदी अशी लेखी तक्रार द्या, पोचपावती घ्या. माप नसलेली तक्रार बाजूला पडते.

चेंबर_बचाव
मापाचं बरोबर आहे. पण ते ढीग काढेपर्यंत गाडी त्यावरूनच न्यायची आहे. नटबोल्ट, तुम्ही पोरांना आदर्श रस्त्याचं गणित देऊन खऱ्या रस्त्यावर पाठवताय. हे बेजबाबदार आहे.

नटबोल्ट
बेजबाबदार? कंपनीच्या उंचीची सेडानही त्या ढिगावर घासते, कारण ढीगच क्लिअरन्सपेक्षा उंच. म्हणजे प्रश्न लोअरिंगने जन्माला आलेला नाही. पण ठीक, रोजच्या वाटेवर असे ढीग असतील तर स्प्रिंगला हात लावू नका, एवढं मानतो.

स्ट्रट_माउंट
स्पीडब्रेकरच्या नादात मूळ काम बाजूला पडलं. ज्यांना करायचंच आहे ते करणार. निदान नीट करा.

आधी उंची मोजा, जमिनीपासून नाही, चाकाच्या केंद्रापासून फेंडरच्या कडेपर्यंत. सपाट फरशी, हवा नेमकी, टाकी सारखीच भरलेली. चारही आकडे लिहून ठेवा.

स्ट्रट उघडताना वरच्या नटावर इम्पॅक्ट गन लावू नका. दांडा गरगर फिरतो आणि सील जातो. ॲलन कीने दांडा धरा, पान्याने नट फिरवा, बसवताना नवा नट घ्या. वरचं माउंटिंग आणि बेअरिंग जुनं असेल तर आत्ताच बदला, नाहीतर दोन महिन्यांनी हेच काम परत. बम्प स्टॉप किती आखूड करायचा ते स्प्रिंगवाल्याच्या कागदावर असतं. अंदाजाने कापू नका.

गाडी जॅकवर पूर्ण लटकली असताना स्प्रिंग हाताने फिरवून बघा. सैल फिरली तर ती त्या शॉकअपला आखूड आहे. उसळीत सीटवरून निसटेल.

सगळ्यात जास्त चुकतं ते बुशचं, म्हणजे सांध्यांतल्या रबरी नळ्यांचं. लोअर आर्म आणि मागच्या बीमचे बुश बोल्ट ढिले करा आणि चाकं जमिनीवर टेकवून, गाडीच्या वजनाखाली आवळा. लटकलेल्या गाडीत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं, काही महिन्यांत फाटतं, आणि मग ‘स्प्रिंग आवाज करते’ म्हणून ओरड.

टो (वरून बघितलं तर चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) त्याच दिवशी बघा, पूर्ण अलाइनमेंट ३००-५०० किमीनंतर, स्प्रिंग बसल्यावर. टायर आतून खाल्ला की सगळे कॅम्बरला, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर कलण्याला, दोष देतात. कॅम्बर उतरतो खरा, पण टायर पटकन खातो तो चुकलेला टो. मागे ट्विस्ट बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा बीम असेल तर तिथे ॲडजस्टमेंट नाही, हब आणि बीममध्ये शिम (पातळ चकती) टाकावी लागते.

सांगलीकर
आणि कायदा? गाडीतल्या बदलांवर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८२अ(४) खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमा कंपनीला न कळवता केलं तर अपघातानंतर दावा अडवायला तिच्या हातात आयतं कारण. हे गॅरेजवाला कधीच सांगत नाही.

नटबोल्ट
आरसीवर उंची लिहिलेली नसते.

सांगलीकर
कायद्यात बाहेरून पार्ट बसवणंही स्पष्ट धरलंय. वाचून या.

घाटकरी
स्ट्रट_माउंट यांनी लिहिलंय त्यातला एकही मुद्दा कालच्या पोस्टमध्ये नव्हता. माझा राग त्यावरच होता.

मोजायची सोपी युक्ती सांगतो. डस्ट कव्हर वर सरकवा, शॉकअपच्या दांड्याला एक झिप टाय घट्ट बांधा आणि सीलला टेकवा. रोजच्या रस्त्याने भरलेली गाडी फिरवून आणा. सीलपासून टायपर्यंतचं अंतर म्हणजे दांडा किती आत गेला ते. हे स्प्रिंग बदलायच्या आधी करा. टाय कंपनीच्या उंचीवरच बम्प स्टॉपला जाऊन भिडलेला दिसला, तर ती गाडी खाली घेण्यासारखी नाही. जागा शिल्लक असेल तर २५ मिमी, सोबत आखूड शॉकअप, बुश नव्याने आवळलेले. नटबोल्ट, एवढ्यावर तुमचं ऐकतो. ४० वर नाही.

नटबोल्ट
४० मी कुठे म्हटलं होतं? माझी पोस्ट वर आहे, २५-३० लिहिलंय. पण झिप टायने ३० ला जागा दाखवली तर ३० सुद्धा मानावे लागतील.

घाटकरी
भरलेल्या गाडीत दाखवली, तर मानेन.