अनॉमली स्कॅनमध्ये 'नॉच' आलंय, वारेला रक्त कमी पडतंय का?

रानजाई:
धाकट्या बहिणीला विसावा आठवडा चालू आहे, पहिलटकरीण, काल अनॉमली स्कॅन (बाळाचे अवयव तपासायची सोनोग्राफी) झाला. बाळाचं सगळं नॉर्मल लिहिलंय पण खाली एक ओळ आहे की दोन्ही युटेराइन आर्टरीजमध्ये (गर्भाशयाच्या मुख्य धमन्यांमध्ये) अर्ली डायस्टोलिक नॉच, पीआय (रक्ताला पुढे किती अडथळा आहे ते दाखवणारा आकडा) वाढलेला. बीपी ११०/७० आहे. डॉक्टरांची अपॉइंटमेंट परवा, तोवर ती रडून रडून हैराण झालीये, म्हणते मी रोज ऑफिसचे जिने चढले म्हणून झालं, आणि आईपण तेच बोलते. गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांमध्ये नक्की काय होतं ते कुणी समजावून सांगेल का?

स्टेथोवाली:
मी गायनॅक आहे. आधी बहिणीला सांगा, जिन्यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही, आणि आईंनाही हे वाचून दाखवा प्लीज.

एरवी गर्भाशयाला मिनिटाला जेमतेम पन्नासेक मिली रक्त जातं, नववा महिना भरत आला की तेच पाचशे ते सातशेच्या घरात. एवढं रक्त जायचं तर वाहिन्या बदलायलाच हव्यात. मोठी युटेराइन आर्टरी रुंदावते, पण खरा बदल अगदी टोकाला होतो, वार जिथे चिकटते तिथल्या बारीक वळणावळणाच्या स्पायरल आर्टरीजमध्ये. त्यांच्या भिंतीत स्नायू असतो त्यामुळे त्या आवळू शकतात, पाळीच्या वेळी तशा आवळतातही. दिवस गेले की वारेच्या पेशी अस्तरात खोल शिरतात, पार गर्भाशयाच्या स्नायूच्या आतल्या एक तृतीयांश भागापर्यंत, आणि या धमन्यांच्या भिंतीतला स्नायू हळूहळू नाहीसा होतो. आईच्या स्वतःच्या नॅचरल किलर पेशी या कामाला आधी सुरुवात करतात, नाव भयंकर आहे पण इथे त्या वारेला जागा करून देतात. मग अर्ध्या मिलिमीटरचं तोंड दोन-तीन मिलिमीटरचं होतं, नरसाळ्यासारखं, त्यामुळे रक्त भरपूर येतं पण जोरात आदळत नाही, वारेचे नाजूक कोंब शाबूत राहतात. आणि आईला टेन्शन आलं, अ‍ॅड्रिनलिन वाढलं तरी या वाहिन्या आवळत नाहीत, कारण आवळायला स्नायूच उरलेला नसतो.

हा बदल अर्धवट राहिला तर पुढे अडथळा राहतो आणि डॉप्लरच्या (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीच्या) आलेखात ठोका संपल्यावर एक खाच दिसते, तोच नॉच. सुरुवातीच्या महिन्यांत तो सगळ्यांच्याच स्कॅनमध्ये दिसू शकतो, बहुतेकींचा वीस ते चोवीस आठवड्यांपर्यंत जातो. म्हणजे हिचा अजूनही जाऊ शकतो. राहिला तर प्रीएक्लॅम्प्सियाची (गरोदरपणात बीपी वाढून इतर अवयवांवरही परिणाम करणाऱ्या आजाराची) आणि बाळाची वाढ मंदावण्याची शक्यता जास्त, होणारच असं मुळीच नाही.

खोलपाणी:
फिजिऑलॉजी शिकवते, एक भर घालते कारण मला हा भाग फार आवडतो. पहिले दहाएक आठवडे याच धमन्यांची तोंडं वारेच्या पेशींनी जवळजवळ बुजवलेली असतात, बाळाचे अवयव कमी ऑक्सिजनमध्येच घडतात, आईच्या रक्ताचा खरा प्रवाह दहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान सुरू होतो. सगळं आपल्या नकळत चालू असतं, त्यामुळे काही खाल्लं किंवा प्रवास केला म्हणून ते बिघडलं असं कुणी म्हणू नये.

दोनलेकरांचीआई:
माझ्या पहिल्या वेळी सेम रिपोर्ट होता. बीपी आठव्या महिन्यात वाढलं, गोळ्या चालू केल्या, सदतिसाव्या आठवड्यात कळा आणवल्या, मुलगी सव्वादोन किलोची झाली, आता शाळेत जाते. ताई, तिला एकटीला गुगल करू देऊ नका.

रानजाई:
खूप धन्यवाद सगळ्यांना, आईला वाचून दाखवलं. दोन प्रश्न, प्रीएक्लॅम्प्सिया टाळायला अ‍ॅस्पिरिन आता चालू करायची का, आणि बहिणीला भीती वाटतेय की एवढ्या वाहिन्या उघड्या तर बाळंतपणानंतर रक्त थांबतं कसं?

खोलपाणी:
दुसऱ्याचं मी सांगते. गर्भाशयाच्या स्नायूचे धागे एकमेकांत आडवेतिडवे गुंतलेले असतात आणि वाहिन्या त्यांच्या मधून जातात. वार सुटली की गर्भाशय घट्ट आवळतं आणि धागेच वाहिन्यांना दाबून बंद करतात. म्हणूनच बाळ बाहेर आल्या आल्या गर्भाशय आवळायला लावणाऱ्या ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात.

स्टेथोवाली:
अ‍ॅस्पिरिन स्वतःहून नको. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत जास्त धोका असलेल्या बायकांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिली होती, सदतीस आठवड्यांच्या आतला प्रीएक्लॅम्प्सिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला, पण ती गोळी अकरा ते चौदा आठवड्यांतच सुरू केली होती. सोळा आठवड्यांनंतर तेवढी खात्री नाही, तेव्हा परवा डॉक्टरांनाच विचारा. चोवीसला डॉप्लर परत करायचा का आणि अठ्ठावीसच्या आसपास ग्रोथ स्कॅन, हेही विचारून घ्या. घरी बीपीचं मशीन आणा, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, हात छातीच्या उंचीवर ठेवून मोजायचं आणि वहीत लिहायचं. १४०/९० किंवा वर गेलं, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, बरगडीखाली उजवीकडे दुखलं, चेहरा अचानक सुजला, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, रात्र असली तरी थेट हॉस्पिटल.