संशय आला की ज्ञान मिळत नाही, असंच आहे का याकोब 1:5-6?

उद्यमबागचा_फिटर:
सगळ्यांना प्रभूमध्ये सलाम. मी खानापूर साईडचा, बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. चाकणला एका ठिकाणी पगार बराच जास्त द्यायलेत, पण आई गावाकडं एकटी, गुडघे गेलेत तिचे. तीन आठवडे झाले सेकंड शिफ्ट करून आलो की रात्री बारा साडेबाराला प्रार्थना करायलोय, देवा जाऊ का राहू एवढं शहाणपण दे. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातली 1:5 ओळ पाठच आहे, कोण ज्ञानानं उणा असेल त्यानं देवाजवळ मागावं, तो दोष न लावता उदारपणे देतो. इथपर्यंत बरं वाटतंय. पण लगेच पुढं म्हणतोय की संशय न धरता माग, संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा, त्याला काही मिळायचं नाही. माझ्या मनात तर रोज संशय येतोय, मग माझी प्रार्थना वायाच का?

निपाणीकर_ब्रदर:
नाही ओ. 8 वी ओळ पण वाचा, तिथं "द्विबुद्धीचा" शब्द आलाय. मनात शंका येणं वेगळं आणि एक पाय देवाकडं एक पाय दुसरीकडं ठेवून मागणं वेगळं, असं मला तरी वाटतं. मार्क 9 मध्ये त्या आजारी पोराचा बाप येशूला काय म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक. एकाच दमात दोन्ही. आणि येशूनं पोरगं बरं केलंच की, आधी जाऊन विश्वास पक्का करून ये म्हणला नाही. अजून एक, याकोब सुरुवात करतोय ती 2 ऱ्या ओळीत परीक्षांपासनं, म्हणजे हे ज्ञान अडचणीत टिकून कसं राहायचं त्याचं आहे, चाकण का बेळगाव असा कौल लावायचं नव्हे. बायबल डोळे मिटून उघडून बोट ठेवू नका म्हणजे झालं, आमच्यात एकानं तसंच करून म्हैस विकली होती 😀

कॅम्पातली_आक्का:
आम्ही कॅथलिक, दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करायच्या विधीच्या) वेळी पवित्र आत्म्याची सात दानं शिकवतात त्यात पहिलंच ज्ञान. पण ते आकाशातनं चिठ्ठी पडल्यासारखं येत नाही रे बाळा. शलमोन राजानं गिबोन गावात देवाकडं काय मागितलं बघ, 1 राजे 3 मध्ये, धन नको, दीर्घायुष्य नको, बरंवाईट ओळखणारं मन दे. आणि तोच पुढं 11 व्या अध्यायात 700 बायका करून बसलाय! म्हणजे एकदा मिळालं की कायमचं पुरतंय असं पण नाही, मागत राहायचं. याकोबाच्या 3:17 मध्ये वरून आलेल्या ज्ञानाची ओळख दिली आहे, ते शुद्ध, शांतीप्रिय, सौम्य, ऐकून घेणारं असतं. निर्णय घेताना तुझ्या डोक्यात घाई आणि चिडचिड किती आहे ते बघ. आणि एक विचारते, आईला विचारलास का?

उद्यमबागचा_फिटर:
आक्का, खरं सांगायचं तर नाही विचारलं. देवाला तीन आठवडे विचारतोय आणि आईला एकदा पण नाही.

निपाणीकर_ब्रदर:
घ्या. 😀 पाळकांशी पण एकदा बोला, एकट्यानं रात्री साडेबाराला दमलेल्या डोक्यानं ठरवू नका.

उद्यमबागचा_फिटर:
अपडेट. रविवारी उपासना झाल्यावर गावाला जाऊन आलो. आई चुलीम्होरं बसून तांदूळ निवडत होती, मी धीर करून विषय काढला. ती मान वर न करता म्हणाली, मला कवाच कळलंय, तुझ्या बायकोनं फोन केल्ता, मी वाट बघायलोते तू कवा बोलतोस. मग म्हणाली गुडघ्याचं मला बघू दे, तू आधी तिथली खोली आणि भाडं काय ते विचारून ये. मंगळवारी भाडं विचारायला एका मित्राला फोन लावतोय.