‘रिबेलियन’साठी बंड की उठाव?

प्रश्न : अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात ‘आइस’ या केंद्रीय स्थलांतर यंत्रणेच्या इमारतीबाहेर २०२५ मध्ये निदर्शने झाली आणि तेथील बंदोबस्तासाठी नॅशनल गार्ड (राज्यांचे राखीव सैनिक) धाडताना सरकारने ज्या कलमाचा आधार घेतला, त्यात ‘रिबेलियन’ हा शब्द आहे. मराठीत बंड, बंडाळी, उठाव आणि विद्रोह यांपैकी काय लिहावे?

उत्तर : माझा कौल ‘उठाव’ला आहे. पक्षाने उमेदवारी नाकारलेला इच्छुक अपक्ष अर्ज भरतो त्यालाही आपली वृत्तपत्रे ‘बंड’ म्हणतात, त्यामुळे सरकारचा दावा किती टोकाचा होता हे त्या शब्दातून पोहोचत नाही. ‘विद्रोह’ साहित्याच्या चळवळीकडे गेला असून त्यात कौतुकाची छटा आहे. ‘बंडाळी’त नुसती बेबंदशाही येते, हेतू येत नाही, आणि न्यायालयात तर सारा वाद हेतू व स्वरूप यांचाच होता. लॉस एंजेलिसमधील अशाच तैनातीच्या प्रकरणात न्यायाधीश चार्ल्स ब्रेयर यांनी जून २०२५ मध्ये या शब्दाचा अर्थ लावताना ती कृती हिंसक व सशस्त्र, संघटित, उघड आणि एखाद्या कायद्यापुरती न राहता संपूर्ण शासनाविरुद्ध असावी, असे म्हटले होते. १८५७ च्या संदर्भात आपण ‘उठाव’ म्हणतो तेव्हा हेच चारही गुण मनात असतात. न्यायाधीश कॅरिन इमरगट यांनी ४ ऑक्टोबरला पोर्टलंडमधील तैनाती तात्पुरती रोखली, ती तेथील निदर्शने या अर्थापर्यंत पोहोचत नाहीत असे दिसल्यामुळे.

‘दंगल’ मात्र जपून वापरावा. १४ जूनला पोर्टलंड पोलिसांनी त्या इमारतीपाशी ‘रायट’ जाहीर केला होता हे खरे. पण ऑरेगनच्या कायद्यात आणखी किमान पाच जणांसह हिंसक गोंधळ घालून लोकांत धास्ती पसरण्याचा गंभीर धोका निर्माण करणे एवढ्याने तो गुन्हा घडतो, तर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पेटलेली वस्ती आणि संचारबंदी उभी राहते. (आपल्याकडेही बेकायदेशीर जमावाला पाचच माणसे पुरतात, हे सहसा कोणाच्या ध्यानात नसते.) अशा ठिकाणी ‘दंगलीचा गुन्हा’ किंवा ‘पोलिसांनी दंगल म्हणून घोषित केलेला प्रकार’ असे लिहिणे अधिक काटेकोर ठरेल.

पुरवणी : त्याच कलमानुसार ‘रेग्युलर फोर्सेस’च्या बळावर कायदे राबवता येत नसतील तेव्हाही गार्ड बोलावता येतो. या शब्दांचे ‘नियमित दले’ हे भाषांतर सर्रास दिसते, परंतु त्यातून पोलीस की सैन्य हे कळत नाही. सुरुवातीला ही संदिग्धता योग्यच होती, कारण वाद त्यावरच होता. शिकागोतील तैनातीच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २३ डिसेंबर २०२५ रोजी, येथे बहुधा लष्करच अभिप्रेत आहे, असे मत अंतरिम आदेशात नोंदवले. तेव्हा त्यानंतरच्या लेखनात आपल्या भाषेत आधीपासून असलेली ‘खडी फौज’ वापरावी आणि ‘बहुधा’ हा शब्द मात्र गाळू नये.